साखरेची टिल्डा

एकदा काय झालं, सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांच्या मुलखात गोडफ्रे नावाचा एक सरदार होता. तिथं तेव्हा साखर सोन्याच्या भावानं मिळायची, बरं का. म्हणून बडे लोक मेजवानीला टेबलावर साखरेचे महाल, साखरेच्या मूर्ती मांडायचे. ज्याची मांडणी मोठी, तो माणूस मोठा. जेवण झालं की यजमानानं हात धुवायचे, चांदीच्या हातोडीनं मधली मूर्ती फोडायची आणि सगळ्यांनी ती खायची, अशी रीत. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

गोडफ्रेकडे साखरकामाला उर्सुला नावाची बाई होती. तिच्या हाताला तोड नव्हती. पण याचं मन भरेना. मग त्यानं एका जादूगाराकडून पाक आणला. त्यात बुडेल ते साखरेचं होई. पहिल्या मेजवानीला त्यानं गुलाब बुडवला. पाहुणे नुसते "बरंय" म्हणाले. दुसऱ्या मेजवानीला जिवंत मोर बुडवला. पाहुण्यांनी तो फोडून खाल्ला आणि माना डोलावल्या. तिसऱ्या मेजवानीच्या सकाळी उर्सुलाची सात वर्षांची टिल्डा अंगणात एकटीच खेळत होती... अगं चिमे, तोंडावरचं पांघरूण काढ की. आता घाबरलीस तर पुढं काय करशील?

उर्सुला लेकीला हाका मारून दमली. मग जेवणघरात पाहते तर टेबलाच्या मधोमध टिल्डा उभी. पांढरीफटक. ओठ साखरेचे, केस साखरेचे. डोळे तेवढे हलत होते, आणि ते आईकडेच बघत होते.

पाहुणे खूश. एका म्हातारीला दम निघेना. तिनं मूर्तीची करंगळी मोडली आणि कुडुमकुडुम खाल्ली. टिल्डाला ओरडताही येईना. मग गोडफ्रेनं हातोडी जवळ ओढली, हात पुढे केले आणि पाणी मागितलं.

उर्सुला कोमट पाण्याची झारी घेऊन आली. साखर कशाला भिते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं त्याच्या हातांवर थेंबही घातला नाही. सगळी झारी लेकीच्या डोक्यावर रिकामी केली.

"ही माझी टिल्डा आहे," ती म्हणाली.

पाक विरघळला. आधी केस मोकळे झाले, मग गाल मऊ झाले, मग पोर "आई" म्हणून रडली. करंगळी मात्र नव्हती. सगळ्यांनी हळूच म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं तोंडाला रुमाल लावला.

मग उर्सुलानं लेक कडेवर घेतली आणि थेट दुसरं गाव गाठलं. तिथं दोघी सुखानं राहिल्या. गोडफ्रेच्या घरी पुन्हा कुणी जेवायला गेलं नाही.

चला, हात पांघरुणात घ्या आणि गप झोपा.