फळीवरचं शेवटचं नाव

“पण मग काका, फळीवर तुमचं नाव नऊच्या नऊ वर्षं सगळ्यात खाली कसं?”

हेरंबने विचारलं. म्हातारा जानू तांडेल ओट्यावर बसला होता. मांडीवर आडव्या घेतलेल्या सुकाणूच्या दांड्याला तो खोबरेल तेल चोळत होता. ज्या शिडाच्या मचव्याचा तो तांडेल होता, तो मोडीत निघून पंधरा वर्षं झाली, पण दांड्याचं तेल चुकलं नव्हतं.

हेरंबला तो दांडा हवा होता.

बावीस वर्षांपूर्वी याच दांड्यावर त्याचा हात असे आणि त्याच्या हातावर म्हाताऱ्याचा. कॉलेज संपवून मुंबईहून चार दिवसांसाठी म्हणून शिरवण बंदरात आला, तो दोन वर्षं राहिला. वारा कानाच्या पाळीला कसा कळतो, खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली लपलेला वाळूचा पट्टा कुठे असतो, सगळं इथेच शिकला. निघताना म्हातारा म्हणाला होता, “पयलो येवन दाखय. मगे दांडो तुझो.”

आज तो पहिला आला होता. मुंबई ते शिरवण, शिडाच्या होड्यांची शर्यत. चौदा होड्या, दोन दिवस. त्याची होडी काही शर्यतीची नव्हे, घरच्यांना घेऊन फिरायची. आत गाद्या, स्टोव्ह, कांदेबटाट्यांची टोपली. तरी तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. समुद्रातली शेवटची रेषा ओलांडून तो तडक खाडीत शिरला आणि धक्क्याला लागला. गळ्यात हार पडला. अंगावर मूठभर मांस चढलं.

धक्क्यावरून जानूच्या घरी वर येताना तो रवळनाथाच्या देवळात डोकावला, ते गुरूचं नाव बघायला. पूर्वी मुंबईला कौलं पोचवून मचवे परतत, तेव्हा वैशाखातल्या शेवटच्या खेपेला शर्यत लावून घरी येत. ज्या क्रमाने खाडीत शिरत, त्या क्रमाने पुजारी देवळातल्या फळीवर नावं रंगवी. हेरंबने फळी वरून खाली वाचली. मग खालून वर...

आता त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. बावीस वर्षं ज्याच्या नावाने त्याने मुंबईत फुशारक्या मारल्या, तो माणूस कधी पहिला आलाच नव्हता!

“म्हणजे मी उगाच...” तो म्हणाला आणि थांबला.

“मागसून कोण होतो तुझ्या?” म्हाताऱ्याने विचारलं.

“कुणास ठाऊक. तुम्हीच सांगायचात ना, नजर शिडावर ठेव म्हणून?”

“ठेवलंस. बरा केलंस.”

म्हाताऱ्याने दांडा उलटा फिरवून घेतला. “पट्ट्यार पाणी किती असात आता?”

“ओहोटी लागलीय. कमरेएवढं असेल.”

“आनि वाट खंय?”

“दक्षिणेच्या कातळाला लागून.” उत्तर जिभेवरच होतं. “तुम्हीच तर दाखवलीत.”

“त्यांका कोणी दाखवली?”

हेरंबने मान वळवली. अंगणातून खाडीचं तोंड दिसत होतं. एक होडी पट्ट्यावर चढून कुशीवर कलंडली होती. माणसं पाण्यात उतरून तिला ढकलत होती. तिच्यामागून आणखी शिडं येत होती, सरळ तिच्याच रोखाने.

“तुमच्या वेळी... कोण दाखवायचं?”

“पयलो पोचात तो.”

“म्हणजे?”

“वाटेच्या तोंडार नांगर टाकूचो. थंयच रवाचा. एकेक मचवो बाजूसून भितूर जाय. त्याचो तांडेल हाक मारी, ‘जानू, इलंय रे!’...” म्हातारा हसला. त्याचे डोळे भरून आले होते. “एका वर्साक दोन दिस रवलंय. बाबल्याचो मचवो येवक नाय होतो.”

“मग?”

“इलो. त्याच्या मागसून मी.”

तेलाचा हात दांड्यावर थांबला.

हेरंबला फळी आठवली. नऊ वर्षं, सगळ्यात खाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळ्यातला हार काढून त्याने ओट्यावर ठेवला आणि तो उठला. होडी सोडायची, कातळापाशी नांगर टाकायचा, अजून वेळ होता.

पायवाटेवर चार पावलं गेला आणि वळला. माणूसच तो, जित्याची खोड!

“काका, आणि दांडा...?”

म्हाताऱ्याने पुन्हा तेलात बोटं बुडवली.

“पयलो इलंस, झिला,” तो म्हणाला. “आता शेवटचो ये.”