सेइकिचीचा ढोल

"...पण मग बाबांचा ढोल मला का नाही?"

ताइगाने हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारा गेंतोकु सानशिनची तार लावत बसला होता. सापाच्या कातड्याने मढवलेलं ते तीन तारांचं वाद्य एकदा मांडीवर आलं, की म्हाताऱ्याला घाई म्हणून ठाऊक नसे. त्याने खुंटी पिळली, तार छेडली, पुन्हा खुंटी पिळली.

ओकिनावा बेटावरच्या एका लहानशा गावात ढोलवाल्यांचं एक मंडळ आहे. त्यात मासेमार आहेत, शाळेतले मास्तर आहेत, पोस्टातली तोमोए आहे, बाहेरून येऊन गावातच रमलेलं एक जोडपंही आहे. कुणीही यावं, वाजवायला शिकावं, नाचायला शिकावं. अट एकच, जाताना चटया आवरून जायचं. गाणं गेंतोकुचं. सगळं गाव त्याला उसुमे म्हणतं, म्हणजे आजोबा.

त्या गावात वर्षातून एकदा पितर घरी येतात. तीन दिवस पाहुणचार घेतात, आणि तिसऱ्या दिवशी उन्हं उतरली की मंडळ दारोदार जाऊन त्यांना वाजतगाजत निरोप देतं. गेंतोकु गातो आणि गाण्यामागून ढोल चालतात.

ताइगाचे वडील सेइकिची तीस वर्षं पहिल्या ढोलावर होते. गेल्या हिवाळ्यात ते वारले. म्हणजे यंदा पितर होऊन ते पहिल्यांदाच घरी यायचे होते. त्यांना निरोप देताना स्वतःच्या दारापुढे त्यांचाच ढोल आपण वाजवायचा, एवढ्यासाठी ताइगा शहरातून आला होता. आईला त्याने तसं कळवलं होतं आणि आईने ते गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

आता शब्द मागे घ्यायची सोय नव्हती.

शहरात तो सहा वर्षं एका नावाजलेल्या पथकात होता. रंगमंच, दिवे, उड्या घेत वाजवणं, वर दोन पदकं. गावात आपल्याला पहिला ढोल न मागता मिळणार, हे तो धरूनच चालला होता. गेंतोकुने त्याच्या हातात ठेवला पांढऱ्या रंगाचा डबा.

मिरवणुकीत एक चोंदारा असतो. तोंडाला पांढरं फासलेला विदूषक. तो ओळीच्या कडेकडेने नाचतो, लोकांना हसवतो, आणि जाता जाता कुणाचा सैल झालेला पट्टा बांधतो, कुणाला पाणी पाजतो, मोडलेली काठी बदलून देतो. ढोल सोडून बाकी सगळं त्याच्याकडे असतं.

ताइगाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, यात नवल ते काय.

"वाजवून दाखव," म्हातारा शेवटी म्हणाला.

ताइगाने पट्टा खांद्यावर टाकला आणि वाजवलं. खोटं कशाला बोला, फार सुंदर वाजवलं. काठी बोटांत फिरत होती, पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच उचलले जात होते. मंडळातली माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली.

"छान. आता सगळ्यांबरोबर."

गेंतोकु गाऊ लागला. वयाने त्याचा आवाज सुताएवढा उरला होता. त्या सुताला धरून पंधरा ढोल चालू लागले. दुसऱ्या कडव्यात, ओळ अर्धी झालेली असताना, म्हातारा गायचा थांबला.

चौदा ढोल थांबले.

ताइगा वाजवत राहिला. डोळे मिटून, मान मागे टाकून, थेट कडव्याच्या शेवटापर्यंत. शेवटाला उडीही घेतली. पाय खाली आले तेव्हा त्याने डोळे उघडले. सगळ्यांच्या काठ्या खाली होत्या. तोमोए स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"उसुमे, तुमचा आवाज पोचत नाही," तो म्हणाला, आणि मग बोलतच सुटला. शहरात गाणाऱ्यापुढे माइक असतो. हातगाडीवर एक स्पीकर ठेवला तर सगळी अडचण मिटेल. यात कमीपणा काही नाही.

"तुझ्या बापाला माइक लागला नाही."

"बाबांचा ढोल तीन गावांत ऐकू जायचा."

"जात असेल." गेंतोकुने सानशिन गुडघ्यावर आडवी ठेवली. "मी तीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून गायलो. मला एकदाही ऐकू आला नाही."

ताइगाला वाटलं, आपल्या मेलेल्या बापाला कुणी भर अंगणात थप्पड मारली. तो निघून गेला. चटया तशाच राहिल्या. त्या गेंतोकुने आवरल्या.

घरी आई देव्हाऱ्यापाशी ऊस उभे करत होती. परतीच्या लांब वाटेवर पितरांना हातात काठी हवी, म्हणून तिकडे उसाची कांडकी ठेवतात. तिने ताइगाला बघितलं आणि आतून एक घडी आणून त्याच्या हातात दिली. सेइकिचींचा ढोलाचा पट्टा होता, लाल कापडाचा. तिने तो धुऊन, इस्त्री करून ठेवला होता.

"त्यांच्या खांद्याला हाच लागायचा," ती म्हणाली. "दुसरा घेऊन गेले तर दिवसभर कुरकुर करायचे."

ढोल आपल्याला मिळाला नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. मग पट्टा घेतला आणि मिटलं.

तिसऱ्या दिवशी, निरोपाच्या वेळी, तो मंडळाच्या अंगणात आला तो तोंड पांढरं करूनच. रागाने म्हणा, लाजेने म्हणा. एवढ्या रंगाखाली आपण ओळखू येणार नाही, असा हिशेब त्याने केला होता. पहिला ढोल तोमोएकडे होता. ताइगाने तिचा पट्टा काढला आणि तिथे वडिलांचा लाल पट्टा लावला. निदान पट्टा तरी दारापर्यंत जाईल. खांद्यामागे त्याने झटक्यात गाठ मारली. शहरात मारायचा तशीच सुरगाठ. तिथे खेळ संपला की टोक ओढायचं आणि ढोल खाली. इथे तीन तास चालायचं असतं, आणि निरगाठ मारतात, हे त्याच्या हातांना माहीत नव्हतं.

मिरवणूक निघाली. ताइगा कडेकडेने चालला. कुणाला पाणी दिलं, कुणाची डोक्याची पट्टी सरळ केली. एक पोरगी त्याला बघून खिदळली, तेव्हा नाइलाजाने दोन पावलं नाचला. हातात ढोल नसल्यामुळे त्याला करमत नव्हतं. करमत नव्हतं म्हणून तो इकडेतिकडे कान देत होता. चौथ्या दारापाशी तर त्याला गाण्यातला एक शब्दही कळला.

नववं दार त्याचं होतं.

आई ओसरीत बसली होती. शेजारी अख्खी गल्ली होती, कारण आमंत्रण गल्लीभर गेलेलं. आईची नजर पहिल्या ढोलावर गेली. ढोलावर लाल पट्टा होता आणि पट्ट्यात तोमोए होती. आईने ओळीतला दुसरा चेहरा बघितला, तिसरा बघितला, शेवटपर्यंत बघितलं. ताइगा विदूषकाची टोपी पुढे ओढून उभा राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

गाणं सुरू झालं आणि गाठ सुटली.

ढोल तोमोएच्या अंगावरून घसरला. तिने एका हाताने तो कसाबसा कमरेशी अडवला. गेंतोकु गातच होता. ढोलासाठी गाणं थांबत नाही, तशी रीतच नाही. गाठ पुन्हा मारायला वेळ नव्हता.

ताइगाने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ढोल कवटाळला.

तोमोएने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि वाजवायला लागली.

छातीशी धरलेला ढोल घुमत नाही. गोधडीखालून यावा तसा त्याचा आवाज येत होता. एकेक ठोका ताइगाच्या बरगड्यांत उतरत होता आणि तिथेच राहत होता. मागचे ढोल पहिल्या ढोलाच्या बेताने वाजतात, तेही हळू झाले. मग त्या अंगणात म्हाताऱ्याचा सुताएवढा आवाज ओसरीपर्यंत गेला, ओसरीतून आत देव्हाऱ्यापर्यंत गेला. हे गाणं ताइगाने जन्मभर ऐकलं होतं. तिसऱ्या कडव्यात जाणाऱ्याला सांगतात की वाट ओली आहे, सावकाश जा, मागे आम्ही आहोत. हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

त्याच्या तोंडावरचा रंग डोळ्यांपासून खाली वाहू लागला. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

आई उठली. पायऱ्या उतरून त्याच्यासमोर आली. रंगाखालचा चेहरा तिने ओळखला होता. घसरून लोंबणारं पट्ट्याचं टोक तिने उचललं आणि गाणं संपेपर्यंत हातात धरून ठेवलं.

...

मिरवणूक संपली. मंडळाच्या अंगणात माणसं घाम पुसत होती. ताइगाने चटया गोळा केल्या, झटकल्या, एकावर एक रचल्या. मग तो गेंतोकुपाशी जाऊन बसला. म्हातारा सानशिन पिशवीत घालत होता.

"उसुमे, चूक माझी आहे. सुरगाठ मारली होती मी. आमच्या दारात ढोल ऐकूच आला नाही."

गेंतोकुने पिशवीचा बंद ओढला आणि निरगाठ मारली.

"हो ना," तो म्हणाला. "मला वाटलं, सेइकिचीच आलाय."