हौसाचे केस आणि गेनबाचं ‘समजलं’

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हे गावाने दिलेलं नाव. खरं नाव घ्यायला कुणी धजत नव्हतं, कारण ‘अरे मूर्खा’ अशी हाक मारली असती तर निम्म्या गावाने ओ दिली असती. गेनबाच्या दारात दोन म्हशी होत्या आणि घरात हौसा नावाची बायको होती. म्हशी कुणाचं ऐकत नसत. गेनबा मात्र सगळ्यांचं ऐकायचा. जे सांगितलं ते करायचा, आणि जसं सांगितलं तसंच करायचा.

हौसाचा अंबाडा म्हणजे पंचक्रोशीत बोलायचा विषय. नारळाएवढा. पण एका वर्षी त्या नारळाचं लिंबू झालं. फणीत केस, उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस. शेजारणी धावून आल्या. एकीने कांद्याचा रस सांगितला, दुसरीने जास्वंदीचा पाला, तिसरीने दृष्ट काढली. केस गेले ते गेलेच, वर डोक्याला कांद्याचा वास राहिला. हौसाला भर उन्हात थंडी वाजायची आणि बसल्या जागी डुलकी लागायची. शेवटी गेनबा तिला तालुक्याला डॉक्टर शहाण्यांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. आजार हौसाचा, पण डॉक्टर बोलले गेनबाशी. बायकांना सांगून काय उपयोग, असं त्यांचं मत होतं. ते फार शिकलेले होते.

“हिच्या गळ्यात थायरॉईडची ग्रंथी आहे. ती आळशी झालीय.”

“नाही हो डॉक्टरसाहेब. पहाटे उठून दोन म्हशींचं शेण काढते.”

“ग्रंथी आळशी, बायको नव्हे! ही गोळी रोज सकाळी उपाशीपोटी द्यायची. समजलं?”

“समजलं.”

“पण मी चहा कधी...” हौसाने तोंड उघडलं.

“तुम्ही गप बसा हो बाई. त्यांना सांगितलंय मी.”

दुसऱ्या दिवसापासून गेनबाने चहाला हात लावला नाही. हौसा चहा-भाकरी खाऊन उठली की हा रिकाम्या पोटाने तिच्या हातावर गोळी ठेवायचा. द्यायची उपाशीपोटी म्हणजे देणाऱ्याने उपाशी राहायचं, सरळ आहे. एकदा चुकून त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला, तर त्या दिवशी गोळीच दिली नाही. नियम म्हणजे नियम.

पुढच्या तपासणीत आजार होता तिथेच. गेनबाचा पट्टा मात्र दोन भोकं आत गेला होता. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

“अरे, उपाशी घेणाऱ्याने राहायचं! पोटात काही गेलं असेल तर द्यायचीच नाही. आणि आता डोस वाढवतोय. हे वाढवणं एकदम करायचं नसतं. थोडंसं वाढवायचं, सहा आठवडे थांबायचं, रक्त बघायचं. लागलं तर मग पुन्हा. समजलं?”

“समजलं.”

त्याच आठवड्यात हौसाच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. हौसा डोक्यावरून घट्ट पदर घेऊन मंडपात बसली. पंगत बसली आणि हौसाच्या थोरल्या काकांनी, म्हणजे आबांनी, गेनबाच्या हातात जिलबीचं ताट दिलं. “जावई, तुम्ही जिलबी वाढा.”

गेनबा पहिल्या पाहुण्यापुढे वाकला. “पोटात काही गेलंय का?”

“हा काय, आत्ताच भात खाल्ला.”

“मग नाही द्यायची.”

दुसऱ्याने अजून घास घेतला नव्हता. त्याच्या पानात गेनबाने जिलबीचा नखाएवढा तुकडा मोडून ठेवला.

“अहो, एवढंसंच?”

“एकदम वाढायचं नसतं. सहा आठवडे थांबा. रक्त बघू. लागलं तर मग पुन्हा.”

तो पाहुणा नवरदेवाचा मामा होता. तो पानावरून उठला, आणि त्याच्यामागे अख्खी पंगत उठली. आबांनी पागोटं काढून मामाच्या पायावर ठेवलं तेव्हा कुठे माणसं परत बसली. मग आबा गेनबाकडे वळले.

“वाढताना हात आखडतात होय? खानदानी माणसं आहोत आपण! नको म्हटलं तरी वाढायचं. शपथ घालायची, आग्रह करायचा, पण वाढायचंच! समजलं?”

“समजलं,” गेनबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बायकोच्या माहेरची लाज आपल्यामुळे गेली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या सकाळी हौसाने गोळी घेतली. गेनबाने दुसरी पुढे केली.

“झाली की आजची.”

“अजून एक. माझी शपथ.”

“डॉक्टरांनी वाढवल्यात का?”

“वाढल्यात,” गेनबा म्हणाला. ते खोटं नव्हतं. वाढणारा तोच होता. “ही आबांच्या नावाची. आणि ही आपल्या म्हशींच्या.”

नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कशाचा आग्रह केला होता. हौसाला नाही म्हणवेना. पंधरवडा असा गेला. तिचे हात थरथरू लागले, घामाने चोळी भिजू लागली, झोप उडाली. एका दुपारी गोठ्यात चारा टाकता टाकता ती छातीला हात लावून खाली बसली. “अहो, काळीज बाहेर येतंय माझं.” गेनबा लहान पोरासारखा रडला. शेजाऱ्याची जीप काढून त्याने तिला तालुक्याला नेलं आणि वाटभर तिचा हात सोडला नाही.

डॉक्टर पांढरे पडले. “जीव घेशील तिचा! थोडे दिवस गोळी बंद. मग मी सांगेन तेव्हा एक. एकच! या धक्क्याने केस अजून गळतील. गळू देत. घाबरायचं नाही, हात लावायचा नाही. आपोआप थांबतं. समजलं?”

“समजलं.”

घरी आल्यावर हौसाने गोळ्यांची डबी आपल्या कनवटीला लावली. डॉक्टरांचा निरोप आल्यावर सकाळी उठून, चूळ भरून, ती आपली आपण एक गोळी घ्यायची. चहा नंतर, बऱ्याच वेळाने. गेनबाला हात लावू द्यायची नाही आणि शेजारणींना दाराआत घ्यायची नाही. मग ती बरी होऊ लागली. काही महिन्यांत कपाळाच्या कडेला बोटभर मऊ काळे केस उगवले. हौसा आरशासमोर बसायची आणि त्यांच्यावरून नुसतं बोट फिरवायची.

अशात एक दिवस गेनबा दुधाची किटली सायकलला लावून डेअरीवर निघाला. किटलीला बुडाशी चीर गेली होती.

“गेनबा, गळतंय रे!” पारावरून शिंपी ओरडला.

“गळू दे. घाबरायचं नाही.”

“अरे, धार लागलीय!” गिरणीवाला मागे धावला. “बोट तरी लाव!”

“हात लावायचा नाही. आपोआप थांबतं.”

आणि खरंच थांबलं. डेअरीच्या दारात पोचेपर्यंत एक थेंब गळायचा राहिला नाही. गावची कुत्री मागोमाग ओळीने आली होती.

संध्याकाळी हौसा कडाडली. “गळतंय दिसतंय तरी माणूस बघत बसतं का? बाजारातून चिरा बुजवायचं लुकण आणायचं, चांगलं बोटभर जाड थापायचं, आणि वाळेपर्यंत जागचं हलू द्यायचं नाही! समजलं?”

“समजलं.”

दुसऱ्याच दिवशी त्याने लुकणाचा मोठा डबा आणला. दुपारी हौसाने केस विंचरले. दोन-चार केस फणीत आले, तसे ते कुणाच्याही येतात. तिने ते बोटाला गुंडाळून टाकून दिले आणि जरा पडली. तिचा डोळा लागला. गेनबाने ते केस बघितले. काल उशीर झाला होता, पण आज होणार नव्हता.

तिसऱ्या प्रहरी जीप पुन्हा तालुक्याला निघाली. डॉक्टर शहाण्यांनी हौसाच्या डोक्यावरचा पदर बाजूला केला. आत माठासारखं गुळगुळीत, राखाडी काहीतरी होतं. त्यांनी पेनाने टकटक केलं. टणटण वाजलं.

“बाई,” डॉक्टर पहिल्यांदाच हौसाशी बोलले, “हे काय झालं?”

हौसाने नवऱ्याकडे बोट दाखवलं. तिच्या शेजारी गेनबा ताठ उभा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे चांगली बातमी होती.

“गळती बंद, डॉक्टरसाहेब. दुपारपासून एक केस पडलेला नाही. पाहिजे तर ओढून बघा!”