झूनसरच्या बर्फावर मुख्तदेदची हाक

काठावरचा तो थोरला चिनार तेव्हा हातातल्या काठीएवढा होता, असं म्हणतात. गोष्ट किती जुनी, ते आता तुम्हीच ठरवा.

काश्मीरच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या ओंजळीत झूनसर नावाचं तळं आहे. त्याच्या अलीकडच्या काठाला गाडपोर, म्हणजे माशांवर जगणाऱ्या लोकांचं गाव, आणि पलीकडे लारबल, भात पिकवणाऱ्यांचं. हिवाळ्यात चाळीस दिवस अशी थंडी पडते की चुलीवरून उतरवलेला चहा ओठाला लागेपर्यंत निवतो. तिथले लोक त्या दिवसांना चिल्ले कलान म्हणतात. डोंगराची वाट हिमाने बुजते, पण तळंच गोठून रस्ता होतं. मग तट्टं भात लादून बर्फावरून येतात आणि मासे घेऊन जातात. तळ्याच्या मध्यावर एक काळा खडक बर्फातून वर आलेला आहे. त्याच्या आडोशाला तट्टं थांबतात, जव खातात, पुढे चालू लागतात. त्या जागेला विसावा म्हणायचे.

आता तिथली मासेमारी कशी, ते ऐका. माणूस बर्फाला भोक पाडतो, जवळ बसतो आणि घोंगडी डोक्यावरून अशी ओढतो की आपण आणि भोक दोघंही अंधारात. बाहेरचा उजेड तुटला की खालचं पाणी तळापर्यंत दिसू लागतं. पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, आणि हातात भाला. मासा खालून गेला की भाला सुटला. घरी जाताना भोकावर पेंढा टाकायचा, म्हणजे ते उद्यापर्यंत घट्ट गोठत नाही.

पण त्या पेंढ्यावर खूण म्हणून कुणी काडीसुद्धा रोवत नसे. चांगलं गिऱ्हाईक आणि चांगलं भोक, यांचा पत्ता शहाणा माणूस देत नाही. मशिदीचं छप्पर अमक्याच्या अक्रोडाच्या रेषेत आलं की आपली जागा, असा ज्याचा त्याचा हिशेब ज्याच्या त्याच्या डोळ्यांत. विचारलं तर प्रत्येक जण खोटं सांगायचा, ऐकणाऱ्यालाही ते खोटं आहे हे ठाऊक असायचं, आणि गावाचं छान चाललं होतं.

पुरुष मासे मारायचे आणि बायका विकायच्या. मुख्ती त्या बायकांतली. तेव्हा तिला कुणी देद म्हणत नव्हतं. देद म्हणजे थोरली आई, तो मान तिला पुढे मिळाला. डोक्यावर पाटी घेऊन ती बर्फावरून लारबलला जायची आणि तिची आरोळी ऐकून तिथल्या मांजरी आधी जाग्या व्हायच्या, असं म्हणतात. एकदा एका केशराच्या व्यापाऱ्याने भाव पाडायला म्हणून मासा हुंगला आणि नाक मुरडलं. मुख्ती म्हणाली, "मासा आजचा आहे, शेठ. नाक कधीचं आहे?" त्या माणसाने सबंध पाटी घेतली आणि जन्मभर तिच्याचकडून घेतली. बर्फाशीसुद्धा ती असाच सौदा करायची. एक पाय टाकायची, थांबायची, बर्फ काय बोलतो ते ऐकायची, मग दुसरा. गिऱ्हाईक काय, बर्फ काय, दोघांवरही एकदम भार टाकू नये, हे तिचं म्हणणं आजही धंद्याला उपयोगी आहे.

तिचा नवरा सुबान. त्या हिवाळ्यात त्याचा हात असा चालला की गावाने कधी पाहिला नव्हता. रोज पाटी काठोकाठ. कुठे बसतोस विचारलं की म्हणायचा, लव्हाळ्यात. मुख्तीलाही तेच सांगायचा. तीही जास्त खोलात शिरली नाही. भरल्या पाटीला कोण प्रश्न विचारतं.

त्यांची एकुलती एक मुलगी मुगली. तिचं लग्न लारबलच्या रमझान चाचांच्या मुलाशी ठरलं. वऱ्हाड बर्फावरून येणार होतं. आदल्या संध्याकाळपासून हिम पडू लागलं ते सकाळी थांबलं. भुसभुशीत, गुडघाभर. असं हिम दिसायला गोजिरवाणं, पण ते बर्फावर गोधडीसारखं बसतं, आणि गोधडीखाली थंडी पोचत नाही. खालचा बर्फ हळूहळू मऊ पडतो. वाटेच्या कडेने रोवलेल्या वाळुंजाच्या फांद्या कुठल्याकुठे गेल्या. सगळ्या तळ्याचं एकच पांढरं अंगण झालं. आणि त्या अंगणाखाली पेंढ्याने झाकलेली, गावातल्या प्रत्येक घराची भोकं.

दुपारी बायका वनवुनची लग्नगाणी म्हणत होत्या. मुख्ती काठावर आली आणि तिने पाहिलं. वऱ्हाड जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. पुढे नवरदेवाची घोडी, मागे माणसं, सुरनई वाजते आहे, आणि वाट सोडून सगळे भलतीकडे चालले आहेत. काठावर नव्या फिरनात, म्हणजे आत कांगडी धरता येईल अशा घोळदार झग्यात, सजून उभे असलेले गावचे पुरुष कौतुकाने बघत होते. मुख्तीने त्यांच्याकडे पाहिलं, मग वऱ्हाडाकडे. ज्याच्या हाती मुलगी द्यायची तो मुलगा चाळणीवरून येत होता.

मग तिने हाक मारली. ती हाक कशी होती, यावर गाडपोरात अजून वाद आहेत. कुणी म्हणतं, लारबलच्या छपरांवरचे हिमाचे सुळे गळून पडले. कुणी म्हणतं, मासे भोकांशी येऊन पेंढ्याला नाकं लावून ऐकत राहिले. एवढं मात्र सगळेच सांगतात की सुरनई थांबली आणि घोडी जागच्या जागी उभी राहिली.

पण उभं राहूनही भागणार नव्हतं. एवढी माणसं एके जागी थांबली की मऊ बर्फ कण्हू लागतो. तो कण्हू लागलाही. काठापर्यंत ऐकू आलं.

मुख्ती पुरुषांकडे वळली. ती काय बोलली ते सगळं सांगण्यासारखं नाही. मतलब एवढाच होता, की बारा महिने खोटं बोललात ते माफ, आता ज्याने त्याने आपापल्या भोकाजवळ जाऊन उभं राहावं, म्हणजे वऱ्हाड मधून येईल. ज्याचा पाय लाजेने अडखळेल, त्याचा मासा तिच्या पाटीत पुन्हा पडणार नाही.

पुरुष धावले. छप्पर आणि अक्रोड, मनोरा आणि डोंगराची खाच, आपापल्या रेषा धरून ते पांगले. बापाला मुलाची जागा तेव्हा कळली आणि भावाला भावाची. दोन शेजारी, ज्यांच्यात माशावरून सात पिढ्यांचं वैर, ते एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे राहिले. एकाच मोठ्या भोकाच्या दोन कडांना ते इतके दिवस समोरासमोर, आपापल्या घोंगडीच्या अंधारात बसत होते. हसायला कुणाला सवड नव्हती. कांगड्यांचा धूर त्यांच्या फिरनांच्या गळ्यांतून वर येऊ लागला आणि पांढऱ्या तळ्यावर धुराच्या खुणा उभ्या राहिल्या. माणसामाणसांत अंतर ठेवून, घोडीचा लगाम सैल सोडून वऱ्हाड त्या खुणांमधून वळत वळत निघालं.

सुबान भाला घेऊन काठालगतच्या लव्हाळ्यात उभा होता.

तेवढ्यात रमझान चाचांनी हात वर केला. घोडी थरथरत होती. तिला दम खाऊ द्यावा म्हणून त्यांनी काळा खडक दाखवला. तिथे तर नेहमीच थांबतात. वऱ्हाड खडकाकडे वळलं आणि मुख्तीने नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो हिमाहून पांढरा झाला होता.

त्या क्षणी तिला आठवलं, की सबंध हिवाळा मासे साफ करताना त्यांच्या पोटातून काय निघत होतं. ते ती बदकांना टाकत होती, आणि बदकं माजली होती.

"मुगलीच्या बापा, तू बसतोस कुठे?"

"इथेच की. लव्हाळ्यात."

"लव्हाळ्यातल्या माशाच्या पोटात चिखल निघतो. तुझ्या माशांच्या पोटात जव निघतात. तळ्यात जव कुणी पेरले?"

सुबानने मान खाली घातली. तट्टांच्या तोंडून सांडून खडकालगतच्या फटीतून खाली गेलेले जव खायला मासे विसाव्याखाली गोळा होतात, हे त्याने हेरलं होतं. तिथे आधीच पेंढा विखुरलेला, त्यामुळे त्याचा पेंढा कुणाला वेगळा दिसत नव्हता. पण विसावा सगळ्यांचा. तिथे भोक पाडणं म्हणजे मशिदीच्या ओट्यावर दुकान मांडणं. व्याह्यांसमोर, अख्ख्या गावासमोर हे कसं सांगायचं, म्हणून त्याची जीभ गोठली होती.

"खडकाशी," तो म्हणाला. "विसाव्यात."

मुख्ती त्याला रागे भरली नाही. "मग पळ," ती म्हणाली. "आणि पळताना सांगत पळ."

सुबान पळाला. जन्मात ज्याने मोठा आवाज काढला नव्हता तो माणूस ओरडत निघाला, माझं भोक विसाव्यात आहे, माझं, सुबानचं, खडकाच्या सावलीत. हिम गुडघाभर होतं, तरी त्याचे पाय हिमात बुडाले नाहीत, असं म्हणतात. एका बापाच्या पायाला झूनसरने त्या दिवशी वाट दिली. घोडीचा पुढचा पाय उचललेला असतानाच तो पोचला आणि तिच्यासमोर आडवा झाला. नवरदेवाने लगाम खेचला. सुबानने हातातला भाला समोरच्या हिमात घातला, आणि भाला मुठीपर्यंत आत गेला. पेंढा खचला. खाली काळं पाणी हललं.

सगळं वऱ्हाड त्या पाण्याकडे बघत राहिलं. मग रमझान चाचा म्हणाले, "व्याही, आम्हाला तर कळलं होतं की तुम्ही लव्हाळ्यात बसता."

आधी नवरदेव हसला, मग सुरनईवाला, मग धुराच्या खुणा होऊन उभे असलेले गावचे सगळे पुरुष. सुबान हिमातच बसून हसू लागला आणि हसता हसता त्याला रडू आलं. काठावर मुख्ती हिमातच बसली. मुगली नवरीच्या कपड्यांतच धावत आली आणि आईला बिलगली. मुख्ती म्हणाली, "माझा आवाज बसला गं." त्यानंतर तीन दिवस ती एक शब्द बोलू शकली नाही, आणि गाडपोरला एवढी शांतता आधी किंवा नंतर कधीच मिळाली नाही, असं म्हणतात. लग्न मात्र दणक्यात झालं. मेजवानीत विसाव्याखालचेच मासे होते. रमझान चाचांनी दोनदा मागून घेतले आणि म्हणाले, आमचेच जव आहेत, घरी परत नेतो.

तेव्हापासून मुख्ती मुख्तदेद झाली. आजही झूनसर गोठलं की पहिल्या दिवशी गाडपोरच्या बायका काठावर ओळीने उभ्या राहतात. पुरुष बर्फावर जातात, आपापलं भोक पाडतात, शेजारी वाळुंजाची फांदी रोवतात, आणि आपलं नाव घेऊन जागा ओरडून सांगतात. विसाव्यात कुणी भोक पाडत नाही. तिथे मुगलीच्या वंशातला कुणीतरी मूठभर जव टाकून येतो. माशाच्या वजनाबद्दल गाडपोरचा माणूस अजूनही बिनदिक्कत खोटं बोलतो, भोकाच्या जागेबद्दल बोलत नाही. आणि एखाद्याने संकोचाने, तोंडातल्या तोंडात जागा सांगितली, तर काठावरच्या सगळ्या बायका एका सुरात ओरडतात, "मुख्तदेदला ऐकू आलं नाही!"

मग त्याला पुन्हा सांगावं लागतं.