चुना उभा राहिला

पाहुणे, ही पांढरी भिंत हात लावून बघा. यात दगड नाही, एकही नाही. नुसता चुना आहे, दीड पुरुष उंच. आणि मागं पाणीही नाही.

मुळात ही तळ्याची दगडी भिंत होती, असं जुनी माणसं सांगतात. सटवा गवंडी म्हणून होता, त्यानं बांधली. पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. तळं भरलं आणि भिंतीला बोटभर भेग पडली. भिंत उतरवून परत बांधावी, तर सटवा चुकला हे गावाला कळणार. त्यानं बैलाच्या घाण्यात चुना मळला, त्यात गूळ, बेलफळ घातलं, आणि लोक उठायच्या आत भेग बुजवली. दुसऱ्या दिवशी भेग परत वर. त्यानं परत चुना लावला. असं सात वर्षं.

भिंतीखालच्या वस्तीत त्याची लेक दिलेली, द्वारकी. ती एकदा म्हणाली, "आबा, माणसं म्हणतात भिंत पाझरतीय. आम्ही निघू का?"

सटवा भेगेला पाठ लावून उभा. "त्यांना काय कळतंय गं? चुना लावलाय मी."

"मग झालं."

त्या श्रावणात सगळी वस्ती गाडगीमडकी घेऊन टेकडीवर चढली. सटव्यावर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून सगळे वाचले. शेजारीण ओरडली, "द्वारके, चल की!"

"आमच्या आबांनी चुना लावलाय," द्वारकी म्हणाली, आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

भिंत फुटली. दगड वाहून गेले. द्वारकी गेली. चुना मात्र उभाच राहिला, साधा तडाही नाही. इतकं पक्कं काम सटव्यानं जन्मात केलं नव्हतं. पुढं तो इथंच बसून असायचा. कुणी विचारलं की एवढंच सांगायचा, "लेकीला चुना लावला मी." फसवण्याला चुना लावणं म्हणतात ते तेव्हापासून. निदान आमच्याकडं तरी.

आजही आमच्या गावात पाहुण्याला पाण्याआधी घराची भेग दाखवतात. मुलगी द्यायची तर बापानं त्या भेगेत स्वतः बोट घालून बघायचं. आमच्या नव्या घराला भेगच नव्हती. नातवाच्या सोयरिकीला आलेली माणसं "काहीतरी लपवताहेत" म्हणून उठून गेली. मग मीच छिन्नी घेऊन एक पाडली. चांगली आली.

हे या भिंतीसमोर बोलायला नको होतं.

चला घरी. आधी भेग दाखवतो, मग पाणी.