अहो भुईआवळी

पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते तेव्हा, एका गावात एक खोत होता. माणूस दिलदार, पण जीभ फटकळ. लहान-थोर, बाई-बुवा, सगळ्यांना सरसकट अरे-तुरे. देवाला आपणही 'अरे' म्हणतो म्हणा, पण हा पुजाऱ्यालाही म्हणे.

या खोताला एकदा कावीळ झाली. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. अन्नाचा वास नको, अंगात उभं राहायचं त्राण नाही. वैद्य आले, ते "ए वैद्या" ऐकून आल्या पावली परतले. खोत मनातून घाबरला. आता वाचायचं कसं?

शेवटी खोतीण धावत वैदीणआजीकडे गेली. आजी म्हणजे झाडपाल्याचं चालतंबोलतं रान, आणि अंगात खोड्याही रानाएवढ्या! तिने आल्या आल्या भुईआवळी मुळासकट वाटली, ताकात कालवली आणि गुपचूप खोतिणीच्या हाती दिली.

"ए, ताक कडू का गं?" खोत ओरडला.

"तोंडच कडू आहे तुमचं," खोतीण म्हणाली. खोटं कुठे बोलली?

मग आजीने चेहरा गंभीर केला. "खोत, तुमचं औषध परसात उगवलंय. भुईआवळी. पण ती मोठी मानी. आधी स्वतः जाऊन बोलवावं लागतं. पानं मिटली, तर नकार समजा."

दिवस मावळताना खोत भिंत धरत धरत परसात गेला, मागोमाग आजी. वीतभर रोप! पानं चिंचेसारखी बारीक, आणि पानांखाली ओळीने लटकलेले इवले इवले आवळे. उकिडवं बसल्याशिवाय दिसायचेसुद्धा नाहीत.

"एवढीशी गं तू! चल, ये घरात!"

पानं हळूहळू मिटत गेली.

खोत मागे वळून ओरडला, "ए म्हातारे, ही रुसली!"

"रुसणारच. तिला 'अहो' म्हणायचं असतं. जिभेला सवय नाही ना? घरात जाऊन सराव करा."

खोत घरात आला. बायकोला म्हणाला, "अहो... जरा पाणी देता का?"

खोतिणीच्या हातून तांब्या सुटला. "अगं बाई! कावीळ डोक्यात गेली की काय!"

गड्याला म्हणाला, "या, बसा." गडी बसायचं सोडून पळत सुटला.

सकाळी खोत पुन्हा परसात. उकिडवा बसला, हात जोडले. "अहो भुईआवळी, येता का? उपकार होतील."

पानं टक्क उघडी!

मग रोज आमंत्रण, रोज ताक. हळूहळू डोळे निवळले, भूक लागू लागली. आणि ज्या ओसरीवर कुत्रंही फिरकत नसे, तिथे माणसं गप्पा मारायला येऊन बसू लागली.

ठणठणीत झाल्यावर एका संध्याकाळी खोत भुईआवळीचे आभार मानायला गेला. बघतो तर काय, परसातली झाडून सगळी भुईआवळी पानं मिटून गप्प! मागे आजी तोंडाला पदर लावून हसत होती.

"दिवस मावळला की ती रोजच झोपते हो, खोत!"

खोत लालबुंद झाला. जुनी शिवी घशापर्यंत आली. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं, "अहो आजी, चांगलंच फसवलंत की मला!"

तर पोरांनो, आणि पोरांच्या बापांनो, कावीळ भुईआवळीने घालवली. जिभेला मात्र खोडकर म्हातारीच लागली. ध्यानात ठेवा: दुसऱ्याला मान देणारा कधी एकटा पडत नाही.