एकदाच घेतलेलं नाव

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. उंच कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. दोराला लोंबकळून पोळी उतरवायची, म्हणजे जिवाशीच खेळ. म्हणून गावाने एक रीत घातली होती. पहिल्यांदा कडा उतरताना प्रत्येकाने आपल्या एका माणसाचं नाव घ्यायचं. पुढे कधी त्याचा दोर तुटलाच, तर घराघरातून एकेक शेळी निघे आणि तो कळप त्या माणसाला मिळे.

एका तरुणाने आपल्या थोरल्या बहिणीचं नाव घेतलं. आईमाघारी तिनेच त्याला वाढवलं होतं. पुढे त्याचं लग्न झालं, लेकरू झालं. पण नाव काही पुन्हा कुणी विचारलं नाही. आणि एका हंगामात तो कड्यावरून परत आलाच नाही.

दिवसकार्य उरकल्यावर कळप बहिणीच्या दारात आला. जन्मभर तिने लोकांच्या शेळ्या राखल्या होत्या. स्वतःची एक तरी असावी, एवढीच तिची हौस. आता अंगण भरलं होतं.

शेजारीण म्हणाली, "नाव तुझं, शेळ्या तुझ्या. कुणाची टाप आहे बोलायची?"

खरंच कुणी बोललं नाही. भावजयही नाही. ती लेकराला कडेवर घेऊन कुंपणापलीकडून आली आणि पाल्याचा भारा टाकून म्हणाली, "वन्सं, नव्या जागी बिचाऱ्या बुजल्या असतील. एवढं घाला त्यांना." लेकरू मात्र एका करडाकडे हात पसरून खिदळत होतं.

बहीण बघत राहिली. त्याने नाव घेतलं, तेव्हा माझ्याशिवाय त्याला होतं कोण? पण आज विचारलं असतं, तर?

"अर्ध्या शेळ्या घेऊन जा," ती म्हणाली.

"नको, वन्सं. लोक म्हणतील, नणंदेला लुबाडलं."

"लोकांना म्हणावं, नणंदेच्या मेल्या गुडघ्यांना एवढ्या आवरत नाहीत! अगं, माझा भाऊ होता, तसा तुझा घरधनी होता. घे मुकाट."

भावजय रडता रडता हसली.

वाटणी झाली, पण शेळ्यांना कोण सांगणार? सोडल्या की त्या एकमेकींकडेच धावत. शेवटी दोघींनी मधलं कुंपणच काढून टाकलं. एक चारायला नेई, दुसरी धारा काढी, आणि लेकरू दोन्ही घरी जेवून गुबगुबीत झालं. ते पाहून पंचांनीही रीत सुधारली. तेव्हापासून दर हंगामाला, दोर सोडण्याआधी, प्रत्येकाला नाव नव्याने विचारतात.

गेलेल्या माणसाचं देणं हाती आलं, तर त्याने नाव कुणाचं घेतलं एवढंच पाहू नये. त्याचा जीव कुणाकुणात होता, तेही पाहावं.